डग्गा घुमतो तो स्पीकरमुळे की हॉलमुळे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यातला फ्लॅट, साडेसोळा बाय दहाचा हॉल, छत साडेनऊ फुटांवर. पाच इंची वूफरचे, म्हणजे बेसच्या पडद्याचे, नवे अॅक्टिव्ह स्पीकर टीव्ही युनिटवर टीव्हीच्या दोन बाजूंना ठेवलेत. समोरच्या लांब भिंतीला टेकून, बरोबर मधोमध सोफा आहे. सोफ्यावर बसलं की डग्गा घुमतो आणि तंबोऱ्याचा खर्ज फुगतो. उठून स्वयंपाकघराच्या बाजूच्या जेवणाच्या टेबलाशी गेलं की बेस गायब. म्हणून स्ट्रीमरच्या, म्हणजे इंटरनेटवरची गाणी वाजवणाऱ्या डब्याच्या, अॅपमधलं ऑटो रूम करेक्शन, म्हणजे खोलीप्रमाणे आवाज आपोआप सुधारणारी सोय, फोनचा माइक वापरून चालवलं. पडद्यावरची रेघ छान सरळ आली, पण आवाज पत्र्यासारखा झाला. शिवाय सेटटॉप बॉक्स जोडला की बारीक घरघर येते. आता स्पीकर परत करू, भिंतींना फोम लावू, की फक्त बेससाठीचा वेगळा सबवूफर घेऊ?

तिन्ही नको. निदान इतक्यात तरी नको. गेली पंचवीस वर्षं मी लोकांच्या घरी आणि छोट्या स्टुडिओंत स्पीकर बसवतोय. अशा तक्रारीत स्पीकर दोषी निघाल्याचं क्वचितच पाहिलंय. गडबड असते मांडणीत, आणि नंतर सॉफ्टवेअरला दिलेल्या मोकळ्या रानात. आधी हाताने सरकेल ते सरकवायचं, मग मोजायचं, आणि मग जे उरेल तेवढंच फिल्टरने, म्हणजे ठरावीक सूर उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरने, कापायचं, तेही साधारण ३०० हर्ट्झच्या खाली. तुम्ही सुरुवात शेवटच्या पायरीपासून केलीत, एवढंच.

परत करायची मुदत संपायच्या आत एक चाचणी मात्र करून टाका. वारा पडलेला असेल अशा एखाद्या संध्याकाळी दोन्ही स्पीकर आणि एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन सोसायटीच्या गच्चीवर जा. टाकी आणि कठडा यांपासून लांब, दोन खुर्च्यांवर स्पीकर ठेवा, सात-आठ फुटांवर बसा आणि घरी घुमतो तोच तबला लावा. घुमारा नाहीसा झालेला असेल. उलट बेस जरा रोडच वाटेल, कारण घरात भिंती जी भर घालतात ती इथे नाही. पण डग्ग्यावर मनगट दाबून काढलेली घीस सुरात कशी चढते-उतरते ते स्वच्छ कळेल. मग स्पीकर निर्दोष. गच्चीवरही फरफर किंवा खरखर आली तर बिनधास्त परत करा, पुढचं वाचायचीही गरज नाही.

गच्चीवर नेताना स्पीकर खरोखर अॅक्टिव्ह आहेत का तेही बघून घ्या. दुकानदार सगळ्यालाच अॅक्टिव्ह म्हणतात. एकाच डब्यात अॅम्प्लिफायर आणि तिथून दुसऱ्या डब्याला साधी दोन तारांची स्पीकर वायर, असं असेल तर तो पॉवर्ड स्पीकर. खऱ्या अॅक्टिव्हमध्ये वूफरला वेगळा अॅम्प, वरचे सूर काढणाऱ्या ट्वीटरला वेगळा, आणि आवाजाची वाटणी, म्हणजे क्रॉसओव्हर, अॅम्पच्या आधीच झालेली असते. बहुतेक वेळा दोन्ही डब्यांना स्वतंत्र पॉवर कॉर्ड असते. ही जात आली नभोवाणी आणि स्टुडिओंतून. फिनलंडची जेनेलेक १९७८ साली सुरू झाली तीच तिथल्या नभोवाणीसाठी असे स्पीकर बनवत. म्हणून यांच्या मागे रिमोटऐवजी बॅलन्स्ड (वायरीत घरघर शिरू न देणारे) इनपुट आणि बारीक बारीक स्विच असतात. त्या स्विचांकडे येतोच. आणखी एक: भाऊ-बहीण अमेरिकेहून स्पीकर घेऊन आले असतील तर प्लग लावण्याआधी मागचा ११५/२३० चा स्विच किंवा छापलेला व्होल्टेज वाचा. काहींना १०० ते २४० सगळं चालतं, काहींना नाही. नाही त्यांचा वास मी घेतलाय.

आता तुमचा हॉल. एक सोपा हिशेब सांगतो. आपल्याकडच्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ११४० फूट जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींत लाट अडकते ती अंतराच्या दुप्पट लांबीची. म्हणून ५७० ला फुटांतल्या अंतराने भागा, की त्या दिशेचा पहिला अडकलेला सूर मिळतो. तुमची रुंदी १० फूट: ५७ हर्ट्झ. उंची साडेनऊ: ६०. लांबी साडेसोळा: साडेचौतीस, आणि त्याची दुप्पट ६९. रुंदी आणि उंची जवळजवळ सारखी असल्याने ५७ आणि ६० एकमेकांच्या खांद्यावर बसलेत. हा तुमचा घुमारा. आणि ६९? पुरुष गायकाचा षड्ज काळी एक धरला तर तो १३८.६ हर्ट्झ, आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या बरोबर निम्म्यावर, ६९.३. तुमच्या हॉलची लांबी खर्जाच्या तारेला लावून ठेवल्यासारखी आहे. गायक पांढरी दोनमध्ये गात असेल तर तंबोरा इतका फुगत नाही, असं तुमच्या लक्षात आलंय का? ऐकून बघा.

आपल्याकडे हे जास्त जाणवतं याचं कारण भिंती. अमेरिकेतल्या घरात लाकडी सांगाड्यावर जिप्समचे पत्रे असतात. ते बेसच्या लाटेबरोबर थोडे हलतात आणि तिची शक्ती खातात. आपली वीट आणि आरसीसी हलत नाही. बेस येतो तसाच परत जातो. त्यामुळे तिकडच्या व्हिडिओत बघून केलेले उपाय इथे अर्धेमुर्धेच लागू पडतात.

जेवणाच्या टेबलाचं कोडंही यातच आहे. अडकलेल्या लाटेचा दाब भिंतीपाशी सर्वांत जास्त असतो आणि पहिल्या लाटेसाठी बरोबर मध्यावर शून्याजवळ. तुमचा सोफा लांब भिंतीला टेकलेला, म्हणजे डोकं ५७ च्या शिखरावर. शिवाय तो साडेसोळा फुटांच्या मध्यावर, आणि ६९ हर्ट्झ ही दुसरी लाट असल्याने तिचं एक शिखर मध्यावरही असतं. दोन्ही शिखरं तुमच्या कानांवर. टेबल मात्र रुंदीच्या मधोमध आणि स्वयंपाकघराच्या भिंतीपासून चारेक फुटांवर, म्हणजे लांबीच्या पाव भागावर. तिथे ५७ शून्य आणि ६९ ही शून्य. गाणं तेच, स्पीकर तेच, आणि घरात एकाला बेस नको, दुसऱ्याला मिळत नाही.

ही शून्याची जागा ऐकणाऱ्याला लागू तशी स्पीकरलाही लागू. दाब शून्य असलेल्या जागी स्पीकर ठेवला तर तो ती लाट उठवूच शकत नाही. दोन्ही स्पीकर लांबीच्या पाव आणि पाऊण भागावर आणा, म्हणजे प्रत्येक स्पीकर आपापल्या बाजूच्या भिंतीपासून चार फूट दीड इंचावर आणि दोघांत सव्वाआठ फूट. ६९ चा फुगवटा कोणत्याही सॉफ्टवेअरशिवाय बसतो. खर्जाचा भाग रेकॉर्डिंगमध्ये बहुधा दोन्ही बाजूंना सारखाच असतो. त्यामुळे साडेचौतीसची लाट दोन स्पीकर मिळून आपोआप रद्द करतात. ती तशीही तुमच्या पाच इंची वूफरच्या आवाक्याबाहेरची. प्रत्यक्षात एका बाजूला पॅसेज उघडा असेल, शू रॅक असेल, त्यामुळे चार-सहा इंच इकडे-तिकडे सरकवून बघावं लागेल. पण सुरुवात इथून.

यासाठी टीव्ही युनिट सोडावं लागेल, आणि ते उत्तमच. प्लायवूडचा तो पोकळ खोका स्वतःच गातो. गल्लीतल्या फॅब्रिकेटरकडून चौकोनी पाइपचे दोन स्टँड करून घ्या. पाइपमध्ये उन्हात खडखडीत वाळवलेली वाळू भरा (ओली भरलीत तर पुढच्या पावसाळ्यात आतून गंज) आणि खालीवर जाड रबर लावा. उंची अशी की सोफ्यावर बसल्यावर ट्वीटर कानाच्या रेषेत यावा. माणूस आणि सोफा बघून मोजा. माझ्याकडे फरशीपासून कानापर्यंतचं अंतर बहुधा ३८ ते ४० इंच भरतं.

आता मागची भिंत. सगळे सांगतात स्पीकर भिंतीपासून दूर ठेवा. मोठ्या खोलीत ठीक आहे. दहा फुटी हॉलमध्ये हा सल्ला घातक. स्पीकरचा बेस मागेही जातो, भिंतीवरून परत येतो आणि समोरच्या आवाजाला एका ठिकाणी खाऊन टाकतो. कुठे, ते काढायला २८५ ला स्पीकरच्या तोंडापासून भिंतीपर्यंतच्या फुटांनी भागा. दोन फुटांवर ठेवलात तर १४२ हर्ट्झ, तीन फुटांवर ९५. म्हणजे बरोबर पुरुषाच्या आवाजाच्या पायात खड्डा. त्यापेक्षा मागे ढकला. मागे पोर्टचं भोक असेल तर कंपनीने सांगितलेली फट सोडा, आणि तोंड भिंतीपासून सव्वा फुटावर येऊ द्या. खड्डा २३० च्या आसपास सरकतो आणि उथळ होतो, कारण तिथे स्पीकर मागे कमी आवाज फेकतो. भिंतीजवळ बेस वाढेल, त्यासाठीच ते मागचे स्विच आहेत. यामाहाच्या एचएस मालिकेत रूम कंट्रोल नावाखाली मायनस दोन आणि मायनस चार डेसिबल मिळतं. जेबीएलच्या ३०५पी मार्क टूवर बाउंडरी ईक्यू मायनस दीड आणि मायनस तीन. कालीच्या एलपी-६ वर तर कुठे ठेवलाय त्याची चित्रंच काढलेली आहेत. फुकटचं करेक्शन आहे ते. लोक आयुष्यभर तो स्विच शून्यावर ठेवून सॉफ्टवेअर शोधत बसतात.

आणि सोफा दीड फूट पुढे. फक्त दीड. ५७ चा दाब त्याने दोन-एक डेसिबलच उतरतो, पण डोक्यामागून लगेच परतणारा आवाज लांब जातो आणि गाणं मोकळं वाटायला लागतं. पुढे ओढल्यावर तुमचं डोकं आणि दोन स्पीकर यांचा त्रिकोण जवळजवळ समभुज भरतो, मी कागदावर मांडून पाहिलाय. रोज ओढायला नको असेल तर पायांखाली नमद्याचे तुकडे चिकटवा, फरशीवर सोफा एका हाताने सरकतो. घरच्यांची परवानगी तुमची तुम्ही काढा, तिथे माझा अनुभव कामाचा नाही.

घरघरीचं पटकन सांगतो. केबलवाल्याची गोल वायर सेटटॉप बॉक्समधून काढून बघा. घरघर थांबली तर अर्थचा फेरा तिथे आहे: केबलच्या जाळीचा अर्थ एकीकडे, तुमच्या सॉकेटचा दुसरीकडे. टीव्हीमधून आवाज ऑप्टिकल केबलने स्ट्रीमरला न्या. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही, म्हणून फेरा तुटतो. स्पीकर, स्ट्रीमर, टीव्ही एकाच बोर्डवर घ्या, आणि स्ट्रीमरला बॅलन्स्ड आउटपुट असेल तर तेच वापरा. प्लगची जाड पिन कापून घरघर घालवणारे इलेक्ट्रिशियन भेटतात. घरघर जाते खरी, पण धातूचा डबा जिवंत व्हायची सोयही होते. पिन कापायची नाही. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवरच घरघर येत असेल तर तो इन्व्हर्टर चौकोनी लाटेचा आहे, स्पीकरचा दोष नाही.

इतकं झालं की मोजायला बसा. फोनचा माइक बोलण्यासाठी केलेला असतो. खालच्या सुरात तो किती ऐकतो याचा भरवसा नाही. त्याने बेस कमी ऐकला आणि अॅपने बिचाऱ्याने तो चढवला, असं होतं. यूएसबीवर चालणारा मोजणीचा माइक घ्या. मिनीडीएसपीचा यूमिक-१ सगळीकडे चालतो, आणि प्रत्येक माइकच्या सीरियल नंबरवर त्याची स्वतःची कॅलिब्रेशन फाइल कंपनीच्या साइटवर मिळते. दोन फाइली असतात: माइक स्पीकरकडे रोखला तर शून्य अंशाची, छताकडे उभा धरला तर ९० अंशांची. मी उभा धरतो. चुकीची फाइल लावली की ट्रेबलची रेघ खोटं बोलते आणि माणूस विनाकारण ट्वीटरशी भांडत बसतो. सॉफ्टवेअर आरईडब्ल्यू, म्हणजे रूम ईक्यू विझार्ड. फुकट आहे आणि महागड्यांच्या तोडीचं आहे.

वेळ निवडा रात्री अकरानंतरची किंवा दुपारची सामसूम. पंखा बंद, एसी बंद. पंख्याचं विसरू नका: घरघर वेगळी, पण पाती आवाजाला कापतातही, वरच्या सुरांत रेघ थरथरते. माइक स्टँडवर, तुमचं डोकं असतं तिथे. तुम्ही स्वतः बाजूला. स्पीकरचा आवाज गप्पांपेक्षा थोडा मोठा, मीटरवर ७५ ते ८० डेसिबलच्या दरम्यान. मग २० हर्ट्झपासून वर चढत जाणारा सूर सोडायचा, ज्याला स्वीप म्हणतात: आधी डावा, मग उजवा, मग दोन्ही. पहिला स्वीप मोजण्यासाठी नसतोच, तो ऐकण्यासाठी असतो. मध्यंतरी डोंबिवलीला एका घरी सूर शंभराच्या पुढे गेला आणि भिंतीवरून झीं करून आवाज आला. मालक म्हणाले, वूफर गेला. परत सोडला, परत तिथेच. तिसऱ्या वेळी मी तसबिरींवर एकेक करून हात ठेवत गेलो. गणपतीच्या तसबिरीवर बोट टेकताच आवाज गप्प. काच चौकटीत सैल होती. मागे मखमलीच्या कापडाची पट्टी सरकवली आणि ‘गेलेला’ वूफर बरा झाला. तुमच्याकडे शोकेसची काच, ग्रिल आणि फ्रिजवरचे स्टीलचे डबे आधी तपासा.

एका जागची रेघ घेऊन काम करू नका. डोक्याच्या जागेभोवती वीतभर इकडे, वीतभर तिकडे, थोडं वर, थोडं पुढे अशी सात-आठ मोजमापं घ्या आणि सरासरी काढा. सगळीकडे दिसणारा डोंगर खरा. एकाच ठिकाणी दिसणारा खड्डा सोडून द्या.

तुमच्या रेघेत, माझ्या अंदाजाने, ५८ च्या आसपास आठ-दहा डेसिबलचा डोंगर राहिलेला असेल. रुंदी आणि उंची आपण हलवू शकलो नाही. त्याला एक फिल्टर: मध्य ५८ हर्ट्झ, मायनस ८ डेसिबल, क्यू ५. क्यू ५ म्हणजे साधारण बारा हर्ट्झ रुंदीचा काप, आजूबाजूला धक्का न लावता. ६९ ला काही उरलं असेल तर मायनस दोन-तीन. आरईडब्ल्यूला हे आपोआप काढायला सांगता येतं, पण त्याला आधी कुंपण घाला: पट्टा २० ते ३०० हर्ट्झ, आणि वाढ शून्य. म्हणजे फक्त काप, भर नाही. मग तोच स्वीप पुन्हा घ्या आणि वॉटरफॉलचा, म्हणजे कोणता सूर किती वेळ रेंगाळतो ते दाखवणारा, आलेख उघडा. डोंगर कापला की त्या सुराची शेपटीही आखूड होते. आधी डग्ग्याची थाप पुढच्या मात्रेवर सांडत होती, आता ती आपल्या जागी थांबते. मला या कामातला सगळ्यात आनंदाचा क्षण हाच वाटतो.

भर का नाही, हे मी माझ्याच चुकीतून शिकलो. सुरुवातीच्या काळात नाशिकला एका घरी स्पीकर भिंतीपासून दोन फुटांवर होते आणि १४० च्या आसपास खोल खड्डा. मी ऐटीत तिथे नऊ डेसिबल चढवले. नऊ डेसिबल म्हणजे अॅम्पवर आठपट ओझं. खड्डा बोटभरही भरला नाही, कारण समोरचा आवाज जितका वाढला तितकाच भिंतीवरून परतणाराही वाढला, आणि दोघं पूर्वीइतक्याच निष्ठेने एकमेकांना खात राहिले. बाकी खोलीत मात्र बोलणं पिंपातून आल्यासारखं, आणि भैरवीच्या ऐन भरात ओझं जास्त झाल्याचं सांगणारा लिमिटरचा लाल दिवा. शेवटी फिल्टर पुसला आणि स्पीकर एक फूट मागे ढकलले. खड्डा गेला. तेव्हापासून खड्डा दिसला की माझा हात माउसकडे न जाता स्टँडकडे जातो.

आता पत्र्याच्या आवाजाचं. ध्वनिशास्त्रज्ञ फ्लॉइड टूल यांनी आधी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि नंतर हरमन या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीत वर्षानुवर्षं श्रोत्यांना न दाखवता स्पीकर ऐकवले. निष्कर्ष असा की समोरून सपाट आणि बाजूंनी गुळगुळीत उतरत जाणारा स्पीकर बहुतेकांना आवडतो. असा स्पीकर खोलीत ठेवला की बसल्या जागी रेघ सपाट येतच नाही. ती बेसपासून ट्रेबलकडे हळूहळू उतरते, कारण वरचे सूर अरुंद झोतात जातात आणि पडदे-गाद्यांत मुरतात. हा उतार दोष नाही, तो चांगल्या स्पीकरचा खोलीतला नैसर्गिक चेहरा आहे. कान थेट आलेला आवाज आणि भिंतीवरून आलेला आवाज वेगळा ओळखतो. माइक दोन्ही एकत्र मोजतो. तुमच्या अॅपने उतार हा आजार समजला आणि २० हजारांपर्यंत रेघ वर उचलून सपाट केली. मग पेटी टोचणार, ‘स’ आणि ‘श’ शिट्टी मारणार, तंबोऱ्याची जवारी तारेवरच्या घासण्यासारखी ऐकू येणार.

तुमच्या आकारमानाच्या हॉलमध्ये साधारण २०० हर्ट्झच्या खाली खोलीचं राज्य असतं. त्याच्या वर हळूहळू स्पीकरचं सुरू होतं. ३०० च्या वर स्पीकर बनवणाऱ्याने जे केलंय ते तुम्ही सोफ्यावर बसून सुधारणार नाही. डिराक हे रूम करेक्शनचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनाही मी हेच सांगतो: पडदे नावाच्या दोन उभ्या रेषा असतात, वरची ओढून ३०० वर आणा. तुमच्या अॅपमध्ये पट्टा निवडता येत असेल तर तिथेही तेच. येत नसेल तर ऑटो करेक्शन बंद करा आणि आरईडब्ल्यूने काढलेले दोन-तीन आकडे पॅरामेट्रिक ईक्यूमध्ये (मध्य, डेसिबल आणि क्यू भरायची सोय) हाताने भरा. संगणकावरून ऐकत असाल तर विंडोजवर इक्वलायझर एपीओ फुकट आहे. जेनेलेक किंवा नॉयमनच्या काही मॉडेलांत हे स्पीकरच्या आतच होतं. एकच गोष्ट सांभाळा: करेक्शन एकाच ठिकाणी. स्ट्रीमरमध्ये एक, स्पीकरमध्ये दुसरं असं डबल लागलेलं मी इतक्यांदा पाहिलंय की आता पोहोचल्यावर चहाच्या आधी तेच विचारतो.

कापल्यावर पहिले दोन दिवस तुम्हाला वाटेल बेस गेला. घुमाऱ्याची सवय झालेली असते. शिवाय कापल्याने एकूण आवाज थोडा उतरतो, आणि कान मोठ्या आवाजाला नेहमीच चांगलं म्हणतो. तुलना करताना फिल्टर चालू असताना आवाज तेवढा वाढवून दोन्ही बाजू सारख्या करा, मग ठरवा. त्यानंतरही कोरडं वाटलं तर १०० च्या खाली सगळंच मिळून दोन-तीन डेसिबल हळुवार चढवा. ही भर वेगळी. ती खड्डा भरत नाही, चव लावते. मी स्वतः घरी दोन डेसिबल ठेवतो, मिठाचं प्रमाण ज्याचं त्याचं.

फोमचं उत्तर यातच आलं. ५७ हर्ट्झची लाट वीस फुटांची आहे, तिला दोन इंची फोम दिसतही नाही. अंड्यांचे ट्रे तर आगीला निमंत्रण. टाळी वाजवून बघा: टर्रर असा थरथरता पडसाद आला तर तो उघडी फरशी आणि उघडं छत यांचा खेळ आहे. सोफा आणि स्पीकर यांच्यामध्ये जाड सतरंजी किंवा गालिचा, आणि सोफ्यामागच्या भिंतीवर पुस्तकांचं उघडं कपाट, इतक्यात काम होतं. पुस्तकं वेगवेगळ्या जाडीची आणि आत-बाहेर ठेवलेली असली तर अजून बरं. घरी पडून असलेल्या दोन गोधड्या आधी भिंतीवर टांगून ऐका, फरक पटला तरच सुताराला बोलवा.

सबवूफर तुम्हाला लागेल की नाही ते महिन्याभराने कळेल. तुमचं ऐकणं मुख्यतः शास्त्रीय आणि नाट्यसंगीत असेल तर पाच इंची वूफर तंबोऱ्याच्या खर्जापर्यंत पोहोचतोच. सिनेमे आणि ढोल-ताशा जास्त असेल तर घ्या, पण तो कोपऱ्यात दडपू नका. तो सोफ्यावर तुमच्या डोक्याच्या जागी ठेवा, तबला लावा, आणि स्वतः भिंतीच्या कडेकडेने गुडघ्यांवर रांगत जा. जिथे डग्गा सर्वांत समतोल ऐकू येईल तिथे सब ठेवायचा. हास्यास्पद दिसतं, लेकरं पाठीवर बसतात, तरी करा. सब आणि स्पीकर यांच्यातली वाटणी ८० हर्ट्झवर, आणि त्यानंतर वरची सगळी मोजणी नव्याने. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना मात्र एकदा बोलवून चहा पाजा आणि तुमचा रात्रीचा आवाज त्यांच्याच हॉलमध्ये उभं राहून ऐका. स्लॅबमधून ४० हर्ट्झ कसा उतरतो ते माइकपेक्षा तिथे जास्त कळतं.